आर्डुइनो उनोवर स्क्वेअर वेव्ह: टायमर१ची फ्रिक्वेन्सी न अडखळता कशी बदलायची

मागणी साधी असते: पॉट (फिरवायचा व्हेरिएबल रेझिस्टर) फिरवला की पिनवरच्या स्क्वेअर वेव्हची, म्हणजे ठरावीक लयीत चालू-बंद होणाऱ्या सिग्नलची, फ्रिक्वेन्सी बदलली पाहिजे. सूत्र डेटाशीटमध्ये आहे आणि कोडही कुठून ना कुठून हाती लागतो. तरी तीच तीन रडगाणी ऐकू येतात. पिनवर काहीच येत नाही. येतं ते मागितलेल्या फ्रिक्वेन्सीच्या भलत्याच पटीत येतं. किंवा एका जागी सगळं ठीक चालतं, पण फ्रिक्वेन्सी बदलताना सिग्नल मध्येच अडखळतो. या तिन्ही वेळा सूत्र बहुधा बरोबरच असतं. घोळ असतो तो रजिस्टरं (चिपमधले सेटिंगचे कप्पे) लिहिण्याच्या क्रमात, किंवा त्यांत आधीपासून पडून असलेल्या बिट्समध्ये.

खालचं सगळं एटीमेगा३२८पी चिप आणि १६ मेगाहर्ट्झ क्लॉक धरून लिहिलं आहे, म्हणजे उनो आर३ आणि नेहमीचा नॅनो. उनो आर४वर वेगळ्याच घराण्यातली चिप आहे, तिथे यातलं एकही रजिस्टर सापडणार नाही. मेगा २५६०वर रजिस्टरं हीच आहेत, पण सिग्नल ९ ऐवजी ११ नंबरच्या पिनवर निघतो. रजिस्टरांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कोडमध्ये ती रोमन कॅपिटल अक्षरांत टाका.

टप्पा १: आधी टायमर मोकळा आहे का ते बघा

उनोत तीन टायमर आहेत. टायमर० वर मिलिस, मायक्रोज आणि डिले चालतात, त्याला हात लावायचा नाही. टोन हे फंक्शन टायमर२ वापरतं. उरला टायमर१. तो १६ बिटांचा आहे, म्हणजे ० ते ६५५३५ मोजतो. बाकीचे दोन ८ बिटांचे, २५५ ला संपणारे. फ्रिक्वेन्सी बारकाईने बदलायची असेल तर टायमर१च घ्यायचा.

पण सर्व्हो लायब्ररीही टायमर१वरच चालते आणि ९, १० या पिनांचं ॲनालॉगराइटसुद्धा. त्याच स्केचमध्ये सर्व्हो फिरवायचा आणि पिन ९ वर स्क्वेअर वेव्हही काढायची, असं जमणार नाही. दोघांपैकी एकाला दुसऱ्या बोर्डवर हलवा.

सामान फारसं लागत नाही: एक एलईडी, ३३० ओहमचा रेझिस्टर, १० किलोओहमचा पॉट आणि फ्रिक्वेन्सी मोजणारा मल्टिमीटर. चोवीस मेगाहर्ट्झचा आठ चॅनेलवाला स्वस्त लॉजिक ॲनालायझर जमला तर जरूर घ्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो मिळतो, आणि टप्पा ५ मधला दोष नुसत्या मल्टिमीटरवर दिसत नाही.

सावधान: पिनवर थेट ८ ओहमचा स्पीकर लावू नका. पाच व्होल्टला त्याची मागणी सहाशे मिलिॲम्पिअरच्या वर जाते, आणि पिनची कमाल मर्यादा ४० आहे. रोजच्या वापरात २० च्या आत राहिलेलं बरं. पिएझो बझर चालेल. स्पीकर, रिले किंवा मोटर असेल तर मध्ये ट्रान्झिस्टर हवा, आणि कॉइलवर उलटा डायोड.

टप्पा २: आकडेमोड कागदावर करा

टायमर शून्यापासून ओसीआर१ए या रजिस्टरमधल्या आकड्यापर्यंत मोजतो, तिथे पोचला की पिन उलटवतो आणि पुन्हा शून्यावर येतो. पिन दोनदा उलटली की एक सायकल पूर्ण होते. म्हणून:

फ्रिक्वेन्सी = १६०००००० ÷ (२ × प्रीस्केलर × (ओसीआर१ए + १))

प्रीस्केलर म्हणजे टायमरला देण्याआधी क्लॉकला ज्याने भागतात तो आकडा, आणि तो १, ८, ६४, २५६ किंवा १०२४ यांपैकीच असतो. नियम एकच: ज्या प्रीस्केलरला मोजणी (ओसीआर१ए + १) ६५५३६ च्या आत बसते, त्यांतला सगळ्यात लहान घ्या. लहान प्रीस्केलर म्हणजे मोठी मोजणी, आणि मोठी मोजणी म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या बारीक पायऱ्या. प्रीस्केलर १ ला खालची हद्द साधारण १२२ हर्ट्झ येते, ८ ला १५.३ हर्ट्झ, ६४ ला १.९ हर्ट्झ. त्याखाली जायची गरज क्वचितच पडते.

दोन उदाहरणं हाताने करून पाहा. १ किलोहर्ट्झ: ८०००००० ÷ १००० = ८०००, म्हणून ओसीआर१ए मध्ये ७९९९. दुसरं ४४० हर्ट्झ: भागाकार १८१८१.८२ येतो, जवळचा पूर्णांक १८१८२, म्हणून १८१८१ लिहायचं. प्रत्यक्ष फ्रिक्वेन्सी ४३९.९९६ हर्ट्झ, म्हणजे कानाला काडीचा फरक कळणार नाही.

वरच्या टोकाला मात्र पायऱ्या रुंद होत जातात. १०० किलोहर्ट्झला मोजणी ८० असते. ती ७९ केली की थेट १०१.२७ किलोहर्ट्झ. मधलं काही मिळतच नाही. १ मेगाहर्ट्झची पुढची पायरी १.१४ मेगाहर्ट्झ आहे. ३ मेगाहर्ट्झ मागाल तर २.६७ किंवा ४ यांतलं एक निवडावं लागेल. इथे कोड सुधारून उपयोग नाही. एवढ्या वर बारीक पायऱ्या हव्या असतील तर एडी९८३३ सारखी चिप बाहेरून जोडायची.

कोडमध्ये ही आकडेमोड करताना दोन खड्डे आहेत. पहिला, या चिपवर इंट १६ बिटांचाच असतो. २ × ८ × ५००० हे ८०००० होतं, ते इंटमध्ये मावत नाही आणि १४४६४ होऊन बसतं. मग ५ किलोहर्ट्झ मागितले की मीटरवर नऊशेच्या आसपास दिसतं आणि माणूस वायरी तपासत बसतो. म्हणून फ्रिक्वेन्सीचा व्हेरिएबल अनसाइन्ड लाँग ठेवा आणि स्थिर आकड्यांपुढे यूएल लावा. दुसरा खड्डा, पूर्णांकांचा भागाकार अपूर्णांक नुसता छाटतो. भागण्याआधी अंशात भाजकाचा निम्मा मिळवा: (८०००००० + फ्रिक्वेन्सी ÷ २) ÷ फ्रिक्वेन्सी. मग जवळचाच पूर्णांक मिळतो.

तपासणी: काढलेला ओसीआर१ए सूत्रात परत घालून फ्रिक्वेन्सी येते का बघा. शेवटची वजा एक राहिली तर १ किलोहर्ट्झला ते कळतही नाही. १ मेगाहर्ट्झला तीच चूक ८८९ किलोहर्ट्झ दाखवते.

टप्पा ३: रजिस्टरं याच क्रमाने लिहा

पिन मेलेली राहण्याचं सर्वांत मोठं कारण इथे आहे. सेटअप सुरू होण्याआधीच आर्डुइनोचा स्वतःचा कोड टायमर१ला पीडब्ल्यूएमसाठी (पिन किती वेळ चालू राहते त्याचं प्रमाण बदलण्यासाठी) लावून ठेवतो. टीसीसीआर१ए या नियंत्रण रजिस्टरमध्ये मोड ठरवणारी डब्ल्यूजीएम१० ही बिट चढवलेली असते आणि टीसीसीआर१बी मध्ये प्रीस्केलर ६४ च्या दोन बिट्स. त्यावर तुम्ही "ऑर" करून, म्हणजे जुन्या बिट्स न पुसता, आपल्या बिट्स मिळवल्या की खिचडी होते. डब्ल्यूजीएम१२ मिळवलीत तर सीटीसी (ओसीआर१ए गाठला की मोजणी शून्य करणारा) मोड मिळत नाही, ८ बिटांचा फास्ट पीडब्ल्यूएम मिळतो, आणि त्या मोडमध्ये टॉगलची, म्हणजे पिन उलटवण्याची, सोयच नसल्याने पिन टायमरपासून तुटलेली राहते. प्रीस्केलर १ साठी सीएस१० मिळवलीत तरी ६४ काही जात नाही, कारण ती बिट आधीच चढलेली असते.

म्हणून "ऑर" नाही, सरळ "बरोबर" चिन्ह. आणि क्रम हा:

१. टीसीसीआर१बी = ०; घड्याळ थांबलं.
२. टीसीसीआर१ए = ०; मोड नॉर्मल झाला, पिन सुटी झाली.
३. टीसीएनटी१ = ०; मोजणी शून्यावर.
४. ओसीआर१ए = मोजणी − १;
५. पिन ९ ला पिनमोडने आउटपुट करा.
६. टीसीसीआर१ए = ६७; म्हणजे कॉम१ए० (६४), डब्ल्यूजीएम११ (२) आणि डब्ल्यूजीएम१० (१).
७. टीसीसीआर१बी = २५; म्हणजे डब्ल्यूजीएम१३ (१६), डब्ल्यूजीएम१२ (८) आणि प्रीस्केलर १ ची सीएस१० (१). या ओळीला घड्याळ सुरू होतं, म्हणून ती शेवटीच.

प्रीस्केलर ८ हवा तर शेवटच्या ओळीत २६, ६४ ला २७, २५६ ला २८, १०२४ ला २९. ३० आणि ३१ टाकू नका. ते बाहेरच्या क्लॉकसाठी आहेत आणि तो जोडलेला नसेल तर टायमर जागचा हलणार नाही.

हा मोड क्रमांक १५ आहे: फास्ट पीडब्ल्यूएम, कमाल मोजणी ओसीआर१ए मध्ये. बहुतेक उदाहरणांत सीटीसी म्हणजे मोड ४ दिसतो. स्थिर फ्रिक्वेन्सीला दोन्ही सारखेच, सूत्रही तेच. फरक टप्पा ५ मध्ये पडतो.

चौथी ओळ सहावीच्या आधी का? मोड १५ मध्ये ओसीआर१ए ला लिहिलेला आकडा आधी बफरमध्ये (तात्पुरत्या कप्प्यात) जातो आणि मोजणी शून्यावर येताना खाली उतरतो. नॉर्मल मोडमध्ये असताना लिहिलात तर तो तिथल्या तिथे लागू होतो, आणि पहिली सायकलही बरोबर निघते.

सावधान: पाचवी ओळ सर्रास विसरली जाते. टायमर पिनची पातळी ताब्यात घेतो, दिशा नाही. पिन आउटपुट केलेली नसेल तर आत सगळं व्यवस्थित चालू असतं आणि बाहेर शुकशुकाट.

हे सगळं सेटअपमध्येच लिहा. स्वतःचा क्लास केला असेल आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये हे टाकलं असेल, तर तो आधी चालतो आणि आर्डुइनोचा कोड नंतर येऊन सगळं पुसून टाकतो. त्यासाठी वेगळं बिगिन फंक्शन ठेवायची पद्धत आहे, ती पाळा.

टप्पा ४: आधी १ हर्ट्झ, मग बाकीचं

स्कोप नसला तरी अडत नाही. पिन ९ ते ग्राउंड, मध्ये ३३० ओहम आणि एलईडी. ओसीआर१ए मध्ये ३१२४९ आणि शेवटच्या ओळीत २८. बरोबर १ हर्ट्झ: अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद.

लूपमध्ये पाच सेकंदांचा डिले टाकून बघा. एलईडीची लय जराही बदलता कामा नये, कारण प्रोसेसरचा आता त्यात हातच नाही. लय बदलली तर पिन टायमर हलवत नाहीये, कोडमधला कुठला तरी जुना डिजिटलराइट हलवतोय.

मग ७९९९ आणि २५ टाकून १ किलोहर्ट्झवर या. एलईडी मंद पण स्थिर दिसेल. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवला तर पुरवठ्याच्या निम्मं, म्हणजे अडीच व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. पाच किंवा शून्य दिसलं तर पिन अडकलेली आहे. हर्ट्झच्या रेंजवर ९९५ ते १००५ मधलं काहीही आलं तरी कोडला दोष देऊ नका. उनो आर३वर या चिपला क्वार्ट्झ क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर आहे आणि त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो.

टप्पा ५: चालू सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणं

इथे स्टेपर मोटरचं उदाहरण घेऊ, कारण दोष तिथे कानाला ऐकू येतो. १.८ अंशांची मोटर, म्हणजे एका फेऱ्याला २०० स्टेप. ए४९८८ ड्रायव्हर सोळाव्या मायक्रोस्टेपवर, म्हणजे ३२०० पल्स. मिनिटाला ६० फेरे हवे असतील तर ३२०० हर्ट्झ, ओसीआर१ए मध्ये २४९९.

समजा मोटर १००० हर्ट्झवर चालू आहे, टायमर सीटीसी मोडमध्ये आहे आणि ओसीआर१ए मध्ये ७९९९ आहे. तुम्ही तिथे २४९९ लिहिता. त्या क्षणी मोजणी १२०० वर असेल तर सगळं सुरळीत. पण ती ५००० वर असेल तर? टायमर २४९९ च्या पुढे निघून गेलेला आहे. सीटीसीमध्ये नवा आकडा लगेच लागू होतो, जुना ७९९९ आता कुठेच नाही. मग मोजणी थेट ६५५३५ पर्यंत जाते, शून्यावर येते आणि पुन्हा २४९९ गाठते. साधारण ३.९ मिलिसेकंद पिन जागची हलत नाही. ३२०० हर्ट्झच्या हिशेबाने तेवढ्या वेळात डझनभर पल्स गेले असते.

मोटर वेग पकडत असतानाच हे घडतं, कारण फ्रिक्वेन्सी वाढवताना ओसीआर१ए कमी होतो. वेग उतरवताना कधीच होत नाही. म्हणून लोक ड्रायव्हरचा करंट वाढवतात, पॉवर सप्लाय बदलतात, मोटरला नावं ठेवतात. मोटर "टक्" करते, कधी स्टेप चुकवते, आणि दर वेळी करत नाही. मोजणी त्या क्षणी कुठे होती यावर सगळं अवलंबून असल्याने तो दोष हाती लागत नाही.

मोड १५ मध्ये हा प्रकार संपतो. ओसीआर१ए ला कधीही लिहा, नवा आकडा चालू अर्धी सायकल पुरी झाल्यावरच लागू होतो. फार तर एका सायकलचा पहिला अर्धा जुन्या लांबीचा आणि दुसरा नव्या लांबीचा निघेल, पण पिन कुठे लटकत नाही. चालू असताना फक्त ओसीआर१ए लिहायचा. टीसीएनटी१ शून्य करायची गरज नाही, उलट तसं केलंत तर एक अर्धी सायकल उगाच लांबते.

काहीजण सीटीसीतच राहून "मोजणी नव्या आकड्याच्या पुढे असेल तर तिला शून्य कर" अशी अट घालतात. पिन लटकत नाही हे खरं, पण ती अर्धी सायकल चुकीच्या लांबीची होते. मोड बदलायला दोन आकडे बदलायचे आहेत, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला?

सावधान: मोटरला ० वरून एकदम ३२०० हर्ट्झ दिलेत तर ती जागीच घरघरेल. तो टायमरचा दोष नाही. खालच्या फ्रिक्वेन्सीपासून सुरू करून दर काही मिलिसेकंदांनी थोडी थोडी वाढवा.

सावधान: ओसीआर१ए १६ बिटांचा आहे आणि दोन तुकड्यांत, एका सामाईक तात्पुरत्या रजिस्टरमधून लिहिला जातो. मुख्य कोड आणि एखादं इंटरप्ट रूटीन (मुख्य कोड मध्येच थांबवून चालणारा कोड) दोघंही टायमर१च्या १६ बिटांच्या रजिस्टरांना हात लावत असतील, तर मुख्य कोडमधलं लिहिणं इंटरप्ट बंद करून करा आणि लगेच परत चालू करा.

टप्पा ६: पॉट जोडणं

पॉटची बाहेरची दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधलं ए० ला. वाचन ० ते १०२३.

हे वाचन सरळ ओसीआर१ए वर पसरवू नका. फ्रिक्वेन्सी त्याच्या व्यस्त प्रमाणात असते. प्रीस्केलर १ ला पॉट अर्धा फिरवेपर्यंत १२२ चे २४४ हर्ट्झ होतात, पाऊण फिरवल्यावर ४८८, आणि उरलेलं सगळं राज्य शेवटच्या चिमूटभर फिरण्यात येतं. वाचनाची आधी फ्रिक्वेन्सी करा, मग फ्रिक्वेन्सीवरून ओसीआर१ए काढा.

रेंज १३० ते ५००० हर्ट्झ ठेवली तर प्रीस्केलर १ मध्येच काम भागतं. एका पायरीला जवळपास पावणेपाच हर्ट्झ पडतात. पॉट स्थिर असतानाही वाचन एखाददुसऱ्या आकड्याने नाचतं आणि बझरवर ते घोगऱ्या थरथरीसारखं ऐकू येतं. आठ-दहा वाचनांची सरासरी घ्या आणि मागच्या लिहिलेल्या वाचनापेक्षा तीन-चार आकड्यांचा फरक पडला तरच नवा ओसीआर१ए लिहा. फ्रिक्वेन्सी कोणत्याही वाटेने ० होऊ शकत असेल तर भागाकाराआधी ती अडवा.

टप्पा ७: प्रीस्केलरची हद्द ओलांडणं, आणि थांबवणं

ओसीआर१ए ला बफर आहे, प्रीस्केलरला नाही. १६ ते ५००० हर्ट्झ अशी रेंज हवी असेल तर हद्दीवर टप्पा ३ मधला क्रम पुन्हा करावा लागतो आणि तिथे एक सायकल वेडीवाकडी जाते. पॉट नेमका हद्दीवर ठेवला तर टायमर सारखा दोन्हीकडे उड्या मारेल. म्हणून जाण्याची आणि येण्याची हद्द वेगळी ठेवा: खाली येताना १२५ हर्ट्झला प्रीस्केलर ८ वर जा, वर जाताना १४० ला परत १ वर या. अडखळ अजिबात चालणार नसेल तर संपूर्ण रेंज प्रीस्केलर ८ वरच चालवा. पायऱ्या थोड्या जाड होतील: ५००० हर्ट्झला मोजणी २०० राहते, म्हणजे पायरी सुमारे २५ हर्ट्झची. मोटरला ते पुष्कळ झालं, सूर लावायला पुरणार नाही.

थांबवताना नुसता टीसीसीआर१बी शून्य केलात तर घड्याळ थांबतं, पण पिन ज्या पातळीवर असेल तिथेच राहते. ती वर असली तर ट्रान्झिस्टर चालूच राहील आणि कॉइल तापेल. टीसीसीआर१बी = ०, टीसीसीआर१ए = ०, आणि मग डिजिटलराइटने पिन खाली, असा क्रम ठेवा. टीसीसीआर१ए शून्य न करता केलेला डिजिटलराइट इथे चालत नाही. ते फंक्शन पीडब्ल्यूएमसाठीची कॉम१ए१ बिट तेवढी काढतं, टॉगलची कॉम१ए० तशीच राहते आणि पिन टायमरच्या ताब्यातून सुटत नाही.

मीटरवरचा आकडा पाहून चूक ओळखा

* बरोबर निम्मी फ्रिक्वेन्सी: सूत्रातला २ राहिला, किंवा बोर्ड ८ मेगाहर्ट्झचा आहे. ३.३ व्होल्टचा प्रो मिनी असा असतो.
* ६४ पट कमी, म्हणजे १ किलोहर्ट्झच्या जागी १५.६ हर्ट्झ: टीसीसीआर१बी ला "ऑर" केलंय.
* १६ पट कमी: सुटी चिप आणून स्वतः सर्किट जोडलंय आणि फ्यूज (चिपमधली क्लॉकची सेटिंग) बदललेले नाहीत. कारखान्यातून ती आतल्या ८ मेगाहर्ट्झ क्लॉकला ८ ने भागून, म्हणजे १ मेगाहर्ट्झवर चालेल अशी येते. अशा वेळी डिले आणि सिरियल मॉनिटरही बिघडलेले दिसतात.
* खाली बरोबर, वर जाताना चूक वाढत जाते: वजा एक राहिली.
* सगळीकडे सारखाच बारीक टक्का: रेझोनेटर. एकदा मोजून सूत्रातले १६०००००० तेवढ्या प्रमाणात बदलून टाका. तापमान बदललं की हा आकडा थोडा सरकतो, तेव्हा घड्याळ बनवायला ही सोय वापरू नका.
* काहीच नाही, डीसी व्होल्ट शून्य: पिनमोड, मग टीसीसीआर१ए मध्ये ६७ च आहे का, मग पिन ९ च आहे का. याच क्रमाने बघा. दोन्ही टीसीसीआर रजिस्टरं सेटअपच्या शेवटी सिरियलवर छापली की तर्क लढवत बसावं लागत नाही.